जड पाणी, कठीण पाणी आणि आमचा एक अर्ज

आमच्या विंगने रेक्टर सरांना दिलेल्या अर्जाची गोष्ट एव्हाना मेसपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना माहीत झालेली आहे. तरीही ज्यांच्या कानावर ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोअरच्या पाण्याने डोकं धुतलं की केसांचा काथ्या होतो, बादल्यांवर पांढरी पुटं चढतात, सोलरचं गरम पाणी करंगळीएवढ्या धारेने येतं, अशा तक्रारी घेऊन आम्ही अर्ज करायचं ठरवलं. अर्ज इंग्रजीत हवा. लिहिणारा माझा रूममेट. मेसच्या मावशी रोज म्हणतात, "पाणी जड आहे रे बाळांनो." त्याने त्याचं सरळ भाषांतर केलं आणि खाली चाळीस जणांनी न वाचता सह्या ठोकल्या, त्यात माझीही. अर्जातलं पहिलंच वाक्य होतं, "वी आर गेटिंग हेवी वॉटर इन द बाथरूम्स."

रेक्टर सर केमिस्ट्रीचे. त्यांनी 'हेवी वॉटर'भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहून पाठवलं, "तसे असल्यास ताबडतोब अणुऊर्जा खात्याला कळवावे. कॉलेज श्रीमंत होईल."

हसून हसून पुरेवाट झाली, पण अर्ज परत आला तो आलाच. वर त्याच आठवड्यात पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारे एक गृहस्थ मेसमध्ये आले, आणि त्यांच्या डेमोनंतर प्रत्येकाकडून वर्गणी काढायचं जवळजवळ ठरलं. म्हणजे एका शब्दापायी अर्ज अडकला होता आणि आता पैसेही जायची वेळ आली होती. मी एफ.ई.ला केमिस्ट्रीत जेमतेम काठावर पास झालेला प्राणी. पण त्या दोन आठवड्यांत मी जर्नल पुन्हा उघडलं, लॅबमधल्या काकांच्या पाया पडून ब्युरेट मिळवलं आणि जे कळलं ते इथे लिहितोय.

आधी अणुऊर्जावालं जड पाणी उरकून टाकू. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. त्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. अमेरिकेतल्या हॅरल्ड युरी यांनी तो १९३१ साली शोधला आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. साध्या हायड्रोजनऐवजी हे दोन जड भाऊ ऑक्सिजनला चिकटले की होतं ते जड पाणी. साध्या पाण्याच्या रेणूचं वजन १८, याचं २०. त्यामुळे ते साधारण ११ टक्के जास्त भरतं, ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो. हे पाणी खरोखर जड आहे, वजनाने जड. आपल्याला ते परकंही नाही. अलिबागजवळ थळला खत कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प १९८७ पासून आहे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या (२००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या) जड पाण्यावर चालतात, कारण ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि तसं करताना त्यांना फारसं गिळत नाही. १९६९ मधल्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्यांना मात्र साधंच पाणी लागतं.

गंमत म्हणजे माझा रूममेट शंभर टक्के चुकला नव्हता. निसर्गातल्या दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे साधारण एक ड्यूटेरियमचा असतोच. हिशेब केला तर वीस लिटरच्या बादलीत सुमारे साडेतीन ग्रॅम जड पाण्याइतका ऐवज भरतो. पण तो तुमच्याही बादलीत आहे, गंगेतही आहे आणि मिनरल वॉटरच्या बाटलीतही आहे. त्याने केस राठ होत नाहीत.

आता आपलं पाणी. मावशी ज्याला जड म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन' म्हणायचे आणि इंजिनीअरिंगच्या जर्नलमध्ये ज्याला 'हार्ड' किंवा 'कठीण' म्हणतात, ते एकच पाणी. यातला दुष्फेन हा शब्द आम्ही सातवी-आठवीत घोकंपट्टीने पाठ केला आणि विसरलो. खरं तर तिन्हींत तोच सगळ्यात प्रामाणिक आहे. फेन म्हणजे फेस. फेस द्यायला कुरकुर करतं ते दुष्फेन, पटकन देतं ते सुफेन. व्याख्या शब्दातच घालून दिलेली आहे! कारण काठिण्याची मूळ व्याख्याच ती होती, की पाणी फेस देण्याआधी किती साबण खातं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क १८४० च्या सुमारास साबणाचं ठरावीक द्रावण पाण्यात थेंब थेंब टाकून फेस टिकेपर्यंत मोजत बसायचे, आणि त्यांच्या नावाची 'क्लार्क डिग्री' अजून आमच्या ओरलला विचारतात. (एक क्लार्क डिग्री म्हणजे १४.३ पीपीएम. मला विचारलं होतं. आलं नव्हतं.)

पाणी साबण खातं म्हणजे काय करतं? साबण हा सोडियमचा आणि लांब शेपटीच्या फॅटी आम्लाचा क्षार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. ही मंडळी सोडियमला खुर्चीवरून उठवतात आणि स्वतः बसतात. पण कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. त्याचा दह्यासारखा चोथा होतो. बादलीच्या काठावर, टाइल्सवर आणि आपल्या डोक्यावर जी चिकट राख बसते ती हीच. सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असं संपल्याशिवाय फेस धरत नाही.

इथे एक फाटा फुटतो, तो घेतोच. माझा दुसरा रूममेट इंदूरचा. "पाण्यात क्षार आहेत" असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "मग लिटमस निळा व्हायला पाहिजे." आमचं दोन दिवस भांडण. शेवटी उलगडा असा झाला, की मराठी पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट आणि बेस म्हणजे आम्लारी, तर हिंदीत क्षार म्हणजे बेस आणि सॉल्टला म्हणतात लवण. दोघंही आपापल्या शाळेपुरते बरोबर होतो! त्यामुळे हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर 'क्षारयुक्त पाणी' लिहिलं की अर्धी विंग एक समजते आणि अर्धी दुसरं.

तर हे कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं कुठून? आपण बसलोय तो दख्खनचा काळा पाषाण. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. ते मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. असं पाणी वर्षानुवर्षं बेसॉल्टच्या भेगांतून फिरलं की त्या खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम चाटत खाली उतरतं. जमिनीत चुनखड असेल तर विचारूच नका. म्हणून विहिरीपेक्षा खोल बोअरचं पाणी बऱ्याचदा जास्त कठीण निघतं आणि धरणातून येणारं नळाचं पाणी बरंच मऊ.

नुसत्या गप्पा नकोत म्हणून मोजायचं ठरवलं. एफ.ई.चं तेच प्रॅक्टिकल, जे आम्ही वरच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवून सबमिट केलं होतं. फ्लास्कमध्ये ५० मिलि पाणी, त्यात अमोनियाचं बफर म्हणजे पीएच १० च्या आसपास राहतो, आणि एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचं चिमूटभर इंडिकेटर. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडायचं. हा ईडीटीए म्हणजे खेकडा. एकेका कॅल्शियमला सहा बाजूंनी आवळतो आणि इंडिकेटरच्या हातून काढून घेतो. शेवटचा अणू काढून घेतला की रंग एकदम निळा. या पद्धतीचा पाया १९४० च्या दशकात झुरिकच्या श्वार्झेनबाख यांनी घातला. त्याआधीचे लोक बिचारे साबणाचा फेस मोजत बसत होते.

आमचं रीडिंग आलं २३.४ मिलि. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलि म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ५० मिलिमध्ये २३.४ आणि लिटरला ४६८ मिलिग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) म्हणतं, पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. आपण बरोबर मधे लटकतोय. मेसच्या मागे नगरपालिकेचा जो एक नळ सकाळी दीड तास येतो, त्याचं रीडिंग फक्त ३.६ मिलि, म्हणजे ७२. हे बघून लॅबमधले काकाही म्हणाले, "अरे, मग मेसवाल्यांना सांगा की!"

इथे एक खुलासा, कारण मीही फसलो होतो. ४६८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे पाण्यात तेवढा चुन्याचा दगड विरघळलाय असं नाही. पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट, सल्फेट, क्लोराइड असतात, मॅग्नेशियमचेही असतात, प्रत्येकाचं रेणुभार वेगळं. सगळ्यांची बेरीज एका नाण्यात करायची म्हणून हे चलन निवडलंय. ९५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड घ्या किंवा १११ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घ्या, दोन्ही या चलनात १०० मिलिग्रॅमच. याच पदार्थाचं चलन का, तर रेणुभार बरोबर १००, आकडेमोड सोपी. शिवाय बॉयलरमध्ये बसणारा मुख्य थरही याचाच. ओरलला हा प्रश्न हमखास असतो, लिहून ठेवा.

आता या ४६८ चा साबणाच्या भाषेत अर्थ. शंभर ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं काठिण्य सुमारे ६१३ ग्रॅम सोडियम स्टिअरेट खाऊन टाकतं. एका बादलीत वीस लिटर, म्हणजे ९.४ ग्रॅम काठिण्य, म्हणजे अख्ख्या बादलीला फेस आणायचा तर आधी ५७ ग्रॅम साबण नुसता चोथा होणार. शंभर ग्रॅमची वडी असेल तर अर्ध्याहून जास्त! आपण बादलीत साबण कालवत नाही, अंगाला चोळतो, म्हणून वडी महिनाभर पुरते इतकंच.

शाम्पूचं तसं नाही. शाम्पू, हँडवॉश, कपड्यांची पावडर हे डिटर्जंट. त्यांचे कॅल्शियमचे क्षार सहज गोळा होऊन खाली बसत नाहीत. हे मला प्रयोगाचा पचका झाल्यावर कळलं. दोन बाटल्यांत बोअरचं आणि नळाचं पाणी घेऊन मी मोठ्या थाटात विंगसमोर शाम्पू टाकून हलवलं, आणि दोन्हींत सारखाच भरभरून फेस! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी अंगाच्या साबणाचा किस टाकून पुन्हा केलं, तेव्हा बोअरच्या बाटलीत दुधाळ गढूळपणा आला आणि नळाच्या बाटलीत बुच उडेल इतका फेस. घरी करून बघणार असाल तर साबणच वापरा.

टायट्रेशनचा दुसरा भाग म्हणजे पाणी वीस मिनिटं खळखळ उकळून, गार करून, गाळून परत मोजायचं. रीडिंग आलं ९.८, म्हणजे १९६. उरलेले २७२ गेले कुठे? बीकरच्या तळाला पांढऱ्या पापुद्र्यात. कॅल्शियम बायकार्बोनेट उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. हे झालं 'तात्पुरतं' काठिण्य. जे उकळूनही जात नाही ते 'कायमचं', म्हणजे सल्फेट-क्लोराइडवालं. नाव जरा फसवं आहे, कारण धुण्याचा सोडा टाकला की हे कायमचंही जातं. फक्त उकळून जात नाही एवढाच त्याचा अर्थ.

सोलरच्या गरम पाण्याची धार बारीक होण्याचं कारण हेच पापुद्रे. पाणी जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे कार्बोनेट चिकटतं. हा थर उष्णतेला आडवा येतो, म्हणून नळ्या तापल्या तरी पाणी कोमटच, आणि वर नळीचं तोंड दर महिन्याला थोडं थोडं मिटत जातं. आमच्या मेकॅनिकलवाल्यांना बॉयलरचा स्केल आणि स्लज यांतला फरक सेमिस्टरला चार मार्कांसाठी लिहावा लागतो. तो बघायला कुठे जायला नको, गच्चीवर जा. कपाटात लपवलेल्या हीटर रॉडवरची पांढरी साल तीच. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचला नाही असं मी धरून चालतो.) ही साल खरवडू नका, रॉडचं वरचं आवरण फाटायची भीती. प्लग काढलेला रॉड लिंबू-सत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बुडबुडे येतील आणि साल सुटेल.

मेसमधलं वरण पांढरं आणि डाळ वेगळी-पाणी वेगळं का असतं, याचं निम्मं उत्तरही इथेच आहे. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमने आणखी घट्ट बांधलं जातं, मग ती कितीही शिट्ट्या केल्या तरी मोडत नाही. मावशी त्यात खायचा सोडा टाकायच्या. त्याने डाळ शिजते, पण थोडं बी जीवनसत्त्व जातं. उरलेलं निम्मं उत्तर मेस कॉन्ट्रॅक्टरकडे मागावं.

आता ते मशीनवाले गृहस्थ. त्यांनी आधी टीडीएसचा पेनासारखा मीटर बोअरच्या पाण्यात बुडवला. ७१० आलं. मग स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवला, ३८. "हे जड, हे हलकं!" मग दोन्ही ग्लासांत विजेच्या चार कांड्या असलेलं एक यंत्र ठेवलं. मिनिटाभरात बोअरच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ उसळला, बाटलीचं पाणी जवळपास तसंच. "हे तुम्ही रोज पिता," असं म्हणून ते गप्प उभे राहिले. मेसमध्ये शांतता. दोघांनी तर तिथेच पाकीट काढलं.

माझ्या डोक्यात आदल्या रात्रीचं वाचलेलं होतं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती, साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. जंतू तर अजिबात कळत नाहीत. आणि तो गाळ? वीज वाहते तिथे लोखंडाची कांडी झिजते आणि तिचं हायड्रॉक्साइड होऊन तरंगतं. गाळ पाण्यातला नव्हे, कांडीतला. बाटलीच्या पाण्यातून वीज वाहतच नव्हती, म्हणून ते स्वच्छ. मी फक्त एवढंच विचारलं, "काका, तुमच्या पाण्यात जरा मेसचं मीठ टाकून परत दाखवता का?" ते नको म्हणाले. मागून पाच-सहा आवाज आले, "टाका, टाका!" शेवटी मावशींनी स्वतः येऊन चिमूट टाकली. पुन्हा कांड्या बुडाल्या आणि त्या 'हलक्या' पाण्यात तसाच गाळ आला. मीठ तर आपण सगळेच खातो.

गृहस्थांचं मशीन खोटं होतं असं मी म्हणत नाही. आरओने काठिण्य खरंच जातं. पण आमची तक्रार आंघोळीच्या आणि सोलरच्या पाण्याची होती. ते सगळं आरओतून काढायचं तर बरंचसं पाणी वाया घालवायचं, ते कशासाठी? आणि पिण्याबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्याला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादाच घातलेली नाही. बोअरचं पाणी जंतूंसाठी तपासायला हवं हा मुद्दा वेगळा, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. त्यात 'जड' काहीच नाही.

आंघोळीच्या पाण्याला लागतो तो सॉफ्टनर. टाकीत रेझिनचे मणी, त्यांवर सोडियम बसलेलं. कठीण पाणी आत गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी फिरवायचं, उलटी अदलाबदल होते आणि मणी परत ताजे. यात एक मेख आहे, ती आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा मीटर घेऊन फिरेल. ४० वजनाचं एक कॅल्शियम गेलं की २३ वजनाची दोन सोडियम येतात, म्हणजे ४६. टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो! पाणी मऊ झालंय की नाही ते साबणाच्या किसानेच बघायचं. आणि हे पाणी प्यायचं नाही. आमच्या आकड्याला लिटरमागे सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम वाढतं, रक्तदाब असलेल्या स्टाफला ते नको.

नवा अर्ज मी लिहिला, मराठीत. 'दुष्फेन' हा शब्द घातला, दोन्ही टायट्रेशनचे आकडे जोडले, आणि मागण्या दोनच केल्या. मेसची डाळ नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात शिजवावी आणि गच्चीवरच्या सोलरच्या आधी सॉफ्टनर बसवावा. पहिली मागणी त्याच संध्याकाळी मान्य झाली, कारण तिला खर्च नव्हता. मावशी सकाळी दीड तासात दोन पिंपं भरून ठेवतात. दुसरीसाठी कोटेशन मागवलीत, आणि सुट्टीत सोलरच्या नळ्या उघडून साफ करायच्या आहेत, त्याला मेकॅनिकलच्या चार जणांची नावं मी परस्पर देऊन टाकली आहेत.

सरांनी या अर्जावरही लाल पेन चालवलं. मी 'कॅल्शियम कार्बोनेट'पुढे 'इतकं' लिहायचं विसरलो होतो.